टेंभूरखेडला कोण जाणार

“मॅडम, हिला पाठवून द्या. आजच्या आज न्या. मला भ्या वाटतंय हिचं.”

असं म्हणून अनसूयानं प्लॅस्टरमधला डावा हात टेबलावर ठेवला. प्लॅस्टर नवं होतं, जड होतं, ठेवताना आवाज झाला. टेबलाच्या अलीकडं मी, बाजूला कुसुमछाया बालिकागृहाच्या अधीक्षिका निर्मळेबाई. जिला पाठवून द्यायचं ती मैना बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मारणारं मूल आणि मार खाल्लेलं मूल, दोघांना एका खोलीत घेऊन विचारायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा.

“कुठं पाठवू तिला?” मी विचारलं.

“टेंभूरखेडला,” ती लगेच म्हणाली. “मारणाऱ्या पोरींना तिकडंच पाठवत्यात ना? शोभीला पाठवलं तसं.”

निर्मळेबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “घ्या. पोरींना आमचा कायदा तोंडपाठ झालाय.”

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मी तेव्हा संरक्षण अधिकारी म्हणून नवी लागले होते. बालगृहातल्या एका मुलानं दुसऱ्याला इजा केली की तिथं जायचं, चौकशी करायची आणि बालकल्याण समितीपुढं म्हणणं मांडायचं, हे माझं काम. पुढं काय करायचं ते समिती ठरवणार. नव्याची नवलाई होती. प्रशिक्षणात जे जे सांगितलं ते मी वेदवाक्य धरून चालायची. त्यातलं एक तर माझं फार लाडकं होतं. मुलाला कधी ‘का केलंस’ म्हणून विचारू नका. ‘का’ म्हटलं की मुलाला वाटतं आपण आरोपी झालो, आणि ते मिटून जातं. ‘काय झालं’ विचारा, ‘मग काय झालं’ विचारा, मूल आपसूक बोलतं. आणि खरंच बोलायची मुलं. त्यामुळे माझा या मंत्रावर फारच विश्वास बसला होता.

घडलं होतं ते असं. रविवारी सकाळी सगळ्या मुली मागच्या हौदावर कपडे धुवायला जमतात. तिथं मैनेनं धोपाटणं उचललं आणि अनसूयाच्या डाव्या हातावर घातलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही, पाण्यावरून ओढाओढ नाही. हाड मोडल्याचा आवाज ऐकला असं एक मुलगी शपथेवर सांगत होती. अनसूया ओरडली. मैना धोपाटणं हातात धरून तशीच उभी राहिली, पळाली नाही. काळजीवाहिका आली तेव्हा तिनं आपणहून सांगितलं, “मीच मारलं. लिहून घ्या.”

मैना नऊ वर्षांची. अनसूया बाराव्याला टेकलेली, अंगानं थोराड. एका फटक्यात मैनेला लोळवता आलं असतं तिला, पण तिनं हात उगारला नव्हता. निर्मळेबाईंना त्यात भीती दिसली. मला समजूतदारपणा दिसला. एकच गोष्ट, पण ज्याच्या त्याच्या चष्म्याचा रंग.

अनसूयाला बाहेर पाठवून मी मैनेला आत घेतलं. केस विस्कटलेले, एका वेणीची रिबन सुटलेली. ती खुर्चीच्या टोकाला बसली.

“मैना, काय झालं रविवारी?”

“मी मारलं.”

“त्याच्या आधी काय झालं?”

“काई न्हाई. धोपाटणं घेतलं न् मारलं.”

“मारल्यावर काय झालं?”

“हात मोडला.” हे म्हणताना तिची हनुवटी थरथरली. तिनं ती छातीला टेकवून दाबून धरली.

“आता तुला कसं वाटतंय?”

तिनं सुटलेली रिबन बोटाला गुंडाळली. मग एकदम म्हणाली, “मला इथं ठिवू नका. मी परत मारीन. रोज मारीन. मी लई वाईट हाय.”

काय सांगू, मला भरून आलं. पुस्तकात वाचलेलं मूल समोर बसलं होतं! हातून चूक झालेलं आणि स्वतःच शिक्षा मागणारं मूल. अशा मुलाला मागितलेली शिक्षा दिली तर ते कायमचं आपल्याला वाईट समजून बसतं, हे मला शिकवलेलं होतं. मी मनात ठरवून टाकलं की काही झालं तरी या पोरीला इथून हलवू द्यायचं नाही.

ती बाहेर गेल्यावर निर्मळेबाई म्हणाल्या, “हर्षदाताई, तुमचं ते मन वगैरे ठीक आहे. माझ्याकडं पोरी बघा किती, आणि काळजीवाहिका दोन. त्यातली एक कायम रजेवर. उद्या हिनं कुणाचा डोळा फोडला तर पेपरात माझं नाव येईल, तुमचं नाही.”

“पण बदली हा काय उपाय झाला का बाई? कुठंही काही झालं की बदली. पोरगी आधीच आईविना. त्यात इथनं उपटून दुसरीकडं लावायची.”

“रोपं का आहेत ती? पोरी आहेत. रुजतात कुठंही.” त्या उठल्या. “मी सहा महिन्यांपूर्वी आले इथं. मला तरी कुठं कुणी विचारलं होतं?”

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं. आज वाटत नाही. दोन माणसांत चाळीसेक मुली सांभाळणाऱ्या बाईला शहाणपण शिकवणं सोपं असतं, कारण आपण संध्याकाळी घरी जातो.

माझं म्हणणं पक्कं करायला मी दुसऱ्या दिवशी न सांगता गेले. दुपारची जेवणाची वेळ होती. पंगतीत दोघी दिसल्या नाहीत. मागं गेले तर हौदाच्या आडोशाला दोघी! मैना अनसूयाला भाकरी मोडून देत होती, कारण एका हातानं भाकरी मोडत नाही. तुकडा आमटीत बुडवून तिच्या हातात द्यायची, प्लॅस्टरवर सांडलं की आपल्या फ्रॉकनं पुसायची. जेवण झाल्यावर मैनेनं तिच्या मागं बसून तिची वेणी घालायला घेतली.

“दुखतंय?” मैना विचारत होती.

“रातच्याला ठणकतं. तू रडू नकु, गपचिप घाल.”

मी पाऊल पुढं टाकलं आणि वाळक्या पानांचा आवाज झाला. दोघी अशा दचकून लांब झाल्या, की जणू चोरी पकडली. अनसूयानं तर लगेच तोंड फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाली, “जा तिकडं! माझ्याजवळ यायचं न्हाई!” मला हसू आलं. मोठ्या माणसांपुढं रुसवा टिकवून धरायची मुलांची ही धडपड मला फार गोड वाटली. मी काही न बघितल्यासारखं करून निघून आले, आणि रस्ताभर खूश होते. समितीपुढं ठेवायला याहून चांगलं काय मिळणार होतं?

शुक्रवारी समिती बसली. अध्यक्ष बुरांडे सर, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सरळ, आवाज मऊ. बाकी दोघं सदस्य त्यांच्याकडं बघून मान हलवणारे. दोन्ही मुली निर्मळेबाईंबरोबर आलेल्या, बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसवलेल्या.

मी त्या दिवशी जीव तोडून बोलले. आयुष्यात पुन्हा कधी इतकं चांगलं बोलले नसेन. मुलीला पश्चात्ताप आहे, ती स्वतः शिक्षा मागते, मुलींमधलं नातं तुटलेलं नाही, आणि भाकरीचं, वेणीचं सगळं सांगितलं. बुरांडे सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. निर्मळेबाईंनी त्यांची अडचण मांडली, तीही सरांनी पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, “मुलीला हलवायचं नाही. समुपदेशन करा, लक्ष ठेवा. हात मोडणारीच जर भाकरी मोडून देत असेल, तर आपण मध्ये का पडावं?”

मी जिंकले होते. खालच्या टपरीवरून शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि धावतच बाकापाशी आले. मैनेपुढं उकिडवी बसले.

“मैना, तुला कुठंही पाठवणार नाहीत. कळलं? तू इथंच राहायचं. अनसूयाबरोबर.”

मला वाटलं होतं ती रडेल, मग हसेल. पण तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं बाकाच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं.

अनसूया उठून आली. चालताना प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हातानं सावरत होती. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं मला असं झापलं, की तसं मला माझ्या आईनंही कधी झापलं नव्हतं.

“तुमी काय केलं हे? मी सांगत हुते ना तुमाला, पाठवा म्हणून? चार येळा सांगितलं! मग का न्हाई पाठवलं?”

“अगं, पण तुमची तर दोस्ती...”

“दोस्ती हाय म्हणूनच ना!” तिचा आवाज फुटला. “दुसऱ्या कुणाला मारलं असतं तर त्या पोरीनं हिला सोडलं असतं का? म्हणून मी म्हणलं, मला मार. डावा मार म्हणलं, उजव्यानं लिव्हायला लागतं. तीनदा मारलं हिनं. पयल्या दोन येळंला हळू मारलं, काय झालंच न्हाई. मीच म्हणलं, जोरात हाण.”

माझ्या हातातली चिक्की तशीच राहिली. मी मैनेकडं वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो निषिद्ध प्रश्न विचारला. “का, मैना?”

“साळूताई हाय तिकडं,” ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. साळू आणि मैना, दोघी बहिणी बसस्टँडवर सापडल्या होत्या. जन्माचा दाखला कुणाचाच नव्हता, म्हणून सरकारी दवाखान्यात दात बघून वयं लिहिली. साळूला बारा लागली तशी तिला मोठ्या मुलींच्या गृहात, टेंभूरखेडला, दुसऱ्या जिल्ह्यात हलवली. तिचे कागद तिच्याबरोबर गेले. मैनेच्या कागदावर ‘एक बहीण’ एवढंच उरलं होतं. ते मी वाचलं होतं. ती बहीण कुठं आहे हे विचारावं असं मला सुचलं नव्हतं, कारण चौकशी बहिणीची नव्हती, हाताची होती. दिवाळीत भेट घडवू म्हणाले होते, तेव्हा गाडी मिळाली नाही. फोन लावून देऊ म्हणायचे, तो लागायचा नाही. आणि मग शोभीनं एकीच्या डोक्यात ताट घातलं आणि चार दिवसांत ती टेंभूरखेडला पोचली. पोरींनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. आमच्या सगळ्या कारभारातनं त्यांना एवढा एकच रस्ता उघडा दिसला.

“आन् जूनमधी मी बी जाणार,” अनसूया म्हणाली. “मला बारा लागत्यात. मग ही एकटी राहिली असती. आता ही गेली असती, मागनं मी गेले असते. तिघी झालो असतो.”

किती सरळ हिशोब होता! पण खरं ते सांगायला हवं होतं. शोभीनं मारलं म्हणून तिला तिकडं पाठवलंच नव्हतं. तिला बारा लागली होती, म्हणून तिकडं. नऊ वर्षांच्या पोरीला हलवलीच असती, तर लहान मुलींच्या कुठल्यातरी तिसऱ्याच गृहात. टेंभूरखेडला कधीच नाही.

मी ते सांगितलं. शक्य तितकं हळू सांगितलं. दोघी ऐकत होत्या. ऐकता ऐकता मैनेची नजर अनसूयाच्या प्लॅस्टरवर गेली आणि तिथंच थांबली.

“म्हंजी उगाच मोडला?” तिनं विचारलं.

अनसूया तिला म्हणाली, “गप. जुळतोय आता.”

मी ताडकन उठले. एवढं कळल्यावर कुठल्या माणसाचं काळीज हलणार नाही? बुरांडे सर अजून आत होते. मी सगळं सांगितलं, दम न घेता. या पोरीला बहिणीजवळ न्या, नाहीतर बहिणीला इकडं आणा, काहीतरी करा म्हणाले. भावंडं एकत्र ठेवावीत असं कायदाच म्हणतो, हेही सांगितलं.

सरांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, “मॅडम, आता हे कळल्यावर तर तिला तिकडं मुळीच पाठवता येणार नाही. आज हिला बहीण मिळाली, तर पुढच्या रविवारी हौदावर किती पोरींचे हात मोडतील, सांगा मला. कितीजणींची भावंडं दुसरीकडं आहेत?”

बऱ्याचजणींची होती.

“भावंडं एकत्र ठेवावीत खरं. पण तिथं बाराच्या खालची घेत नाहीत, इथं बाराच्या वरची ठेवता येत नाही. तुम्ही वर लिहा, मी सही करतो.” त्यांनी कपाळ चोळलं. “दुसरी गोष्ट. या दोघींना आता एका छपराखाली ठेवायचं मला धाडस होत नाही. एक मोडायला तयार, दुसरी मोडून घ्यायला. उद्या आणखी कशाला तयार होतील? अनसूयाला तशीही जूनमध्ये हलवायचीय. तिला आत्ताच टेंभूरखेडला द्या.”

“सर!”

“तुम्हीच सांगा दुसरं काय करू. मी ते करतो.”

ते खरंच वाट बघत होते. चेष्टा नव्हती, राग नव्हता. करायला गेले काय आणि झालं काय! सरांच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर कितीदा शोधलं. मुलींचं गुपित पोटात ठेवलं असतं, तर दोघी निदान जूनपर्यंत एकत्र राहिल्या असत्या. आणि तोवर आणखी एखादं हाड मोडलं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही. आम्ही वर लिहिलं. पुन्हा लिहिलं. प्रकरण विचाराधीन आहे असं उत्तर आलं. पुढं माझीच बदली झाली, तेव्हाही ते विचाराधीनच होतं.

पुढच्या आठवड्यात अनसूयाला न्यायला जीप आली. मला जायची गरज नव्हती, तरी गेले. निर्मळेबाईंनी तिला नवा फ्रॉक शिवून आणला होता, स्वतःच्या पदरचा. डब्यात शेंगापोळी भरून दिली. बाई सारखा पदर डोळ्यांना लावत होत्या आणि सगळ्यांवर उगाच खेकसत होत्या.

पत्र्याची पेटी अनसूयाला एका हातानं उचलेना, म्हणून मैना ती ओढत जीपपर्यंत घेऊन आली. दोघींना जवळ येऊ द्यायचं नाही असा लेखी आदेश होता. कुणीही तो पाळला नाही. मी पाठ करून उभी राहिले, पण ऐकू येत होतं.

“रडू नकु,” अनसूया म्हणत होती. “मी हाय ना तिथं. वळखीन मी तिला. तुझ्यासारकंच नाक हाय म्हणलीस ना?”

“व्हय. आन् गालावर डाग हाय. चुलीचा.”

“बरं.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अनसूया वर चढली. खिडकीतनं वाकून तिनं विचारलं, “मैने, ती हात बघून इचारंल, ह्ये कुणी केलं. काय सांगू?”

मैनेनं थोडा विचार केला.

“माझं नाव सांग. उगाच मारलं म्हण. लई वाईट झाली म्हण मैनी.” जीप हलली तशी ती बाजूनं धावायला लागली. “चिडंल ती. मारायला तरी यील!”